भिंतीवरचे पान

चित्रपुस्तक ही सर्व वयांची कला आहे, ही फिरत्या चित्रप्रदर्शनांची भूमिका वरवर उदार भासते. प्रत्यक्षात तिच्यात बालसाहित्याविषयीचा जुनाच तुच्छताभाव दडलेला आहे. पुस्तक प्रौढांच्या आदरास पात्र ठरावे म्हणून आधी त्याचे पुस्तकपणच काढून घेतले जाते. बोलोन्यात १९६७ पासून भरणाऱ्या व पुढे जपानपर्यंत जाणाऱ्या प्रदर्शनासाठी निवड होते ती पाच चित्रांवरून. पुस्तक प्रकाशित असण्याचीही अट नसते.

मूळ चित्रातील रंगलेपन भिंतीवरच नीट दिसते, हे मान्य. परंतु चित्रपुस्तकाचा अर्थ सुट्या चित्रात नसतो. तो पान उलटण्याच्या क्रियेत घडतो. मॉरिस सेंडाकच्या १९६३ मधील पुस्तकात चित्रे पानाची कोरी जागा क्रमाक्रमाने व्यापतात, शब्दांना हद्दपार करतात आणि शेवटच्या पानावर केवळ शब्द उरतात. एरिक कार्लच्या सुरवंटाने (१९६९) पाडलेली भोके तर बोटांसाठीच आहेत. काचेआड ती निरर्थक होतात.

अशा प्रदर्शनात पुस्तके हाताळण्याचा कोपरा असलाच, तर तो बहुधा मुलांसाठी राखलेला असतो. भिंत प्रौढांची आणि कोपरा मुलांचा, ही वाटणीच ‘सर्व वयांसाठी’ या दाव्याचे खंडन करते.