फकिराची गादी आणि मुलाची पाटी

फकिराला कोणी राज्य देऊं केलें, तर त्यानें तें घ्यावें काय? हा प्रश्न कहाणींतला नाहीं. इटलीसमोर समुद्राच्या पलीकडच्या कांठावर आल्बानिया नांवाचा लहानसा देश आहे. त्याचे पंतप्रधान एदी रामा यांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें जाहीर केलें कीं, राजधानी तिराना येथें बेक्ताशी फकिरांच्या मठाच्या जागीं व्हॅटिकनसारखें एक स्वतंत्र राज्य करून द्यावयाचें. जागा किती? सुमारें २७ एकर! आपल्याकडील एखाद्या पाटलाचें वावरही याहून मोठें भरेल.

बेक्ताशी हा सूफी पंथ तेराव्या शतकांतील हाजी बेक्ताश वली यांच्या नांवानें चालतो. अली व त्याचें घराणें यांवर त्यांची भक्ति. बायापुरुष एकत्र बसून उपासना करितात. म्हणून कर्मठ मौलवी त्यांस पाखंडी म्हणत आले. २०२३ च्या खानेसुमारींत आल्बानियाच्या सुमारें २४ लक्ष वस्तींत बेक्ताशी १ लक्ष १५ हजारांवर भरले. म्हणजे शेंकडा पांचांहूनही कमी.

या पंथानें पूर्वीं एकदां राजसत्तेचा पदर धरला होता. तुर्की सुलतानाच्या जानिसारी फौजेचे हे फकीर गुरु होते. १८२६ सालीं सुलतान दुसरा महमूद यानें ती फौज तोफेच्या तोंडीं दिली, आणि तिच्यामागून बेक्ताशींचे तकियेही बुडाले. कांहीं पाडले, कांहीं दुसऱ्या पंथास दिले, बाबा लोक हद्दपार झाले. झाड तोडलें तेव्हां वेलही गेला.

दुसरा पदर त्यांनीं गरिबाचा धरला. आल्बानियन भाषेच्या शाळा तुर्की सरकारला खपत नव्हत्या. त्या वेळीं डोंगरांतल्या तकियांनीं स्वभाषेचीं पुस्तकें लोकांत पसरविलीं. कवि नईम फ्राशेरी हा फ्राशेर गांवच्या तकियांतच शिकला. त्याचा भाऊ सामी यानें १८७९ सालीं त्या भाषेची वर्णमाला रचली. १९१२ सालीं देश स्वतंत्र झाला. पुढें १९२५ सालीं तुर्कस्तानानें सारे तकिये बंद केले, तेव्हां पंथाच्या मुख्य गादीला आसरा मिळाला तो याच आल्बानियांत. जेथें पाटी दिली होती, तेथेंच घर मिळालें!

१९६७ सालीं एन्व्हर होजाच्या सरकारनें मशिदी, चर्चें, तकिये सर्वच बंद केले. १९९० पर्यंत पंथाला ना गादी होती, ना राज्य. तरीही तो मेला नाहीं. कारण तो घराघरांत जिवंत होता.

मग आज हें दान कशासाठीं? रामासाहेब म्हणतात, सहिष्णुतेसाठीं. हेतु चांगला असेल. पण राजकारणी माणूस पेरतो तें कापणीकडे पाहून. आल्बानिया २००९ पासून नाटोंत आहे, युरोपीय संघाच्या दारांत उभा आहे, आणि २०२२ सालीं त्यानें इराणशीं संबंध तोडले. अशा वेळीं सौम्य इस्लामाचा एक देखावा पश्चिमेस दाखविण्यास सोयीचा, असें आम्हांस दिसतें. तेथील सुन्नी संस्थेनें या बेतास हरकत घेतली आहे. एकाच्या अंगणाला सरहद्द पडली, कीं शेजारी आपलें अंगण मोजूं लागतो.

छळलेल्या लहान पंथानें डोक्यावर छप्पर मागावें यांत गैर कांहीं नाहीं. पण त्या राज्याचें नागरिकत्व मिळणार कोणास? बाबा लोकांस व कारभाऱ्यांस! ज्या शेतकऱ्यानें तकियाला दाणागोटा पुरविला, तो कुंपणाबाहेरच. छप्पर हवें तें सर्व भक्तांना. आणि तें पंतप्रधानाच्या मर्जीनें मिळत नाहीं, सर्वांस सारखा लागू होणाऱ्या कायद्यानें मिळतें. आज दिलेली गादी उद्यां दुसरा मंत्री काढूनही घेईल. मुलाला शिकविलेलें अक्षर कोणत्या सुलतानाला परत घेतां आलें आहे?