ढाळ

परवा एका मैत्रिणीने नव्या बाथरूमचे फोटो पाठवले. छतापर्यंत टाइल्स, काचेचं पार्टिशन, भिंतीतला शॉवर... आणि दारात काळ्याभोर ग्रॅनाइटचा चांगला तीन इंच उंच उंबरा. तिचे सासू-सासरे ऐंशीच्या घरात आहेत. मी "मस्त!" असं लिहून मोकळी झाले आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहिली. जे बोलायला हवं होतं ते बोललेच नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट आमच्याच घरची आहे. मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर आला. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी असं करत ती हळूहळू घरभर फिरायला लागली आणि येऊन अडली कुठे, तर बाथरूमच्या दारात. तीन इंच वर चढायचं, चार इंच खाली उतरायचं. धडधाकट माणसाला कळतही नाही, वॉकरवाल्या माणसाला तो सिंहगड! रोज मी आणि कामाच्या ताई तिला दोन्ही बाजूंनी धरून आत न्यायचो आणि पडू नये म्हणून आतच उभ्या राहायचो. जन्मभर पहाटे उठून, कडी लावून आंघोळ करणारी बाई ती. काही दिवसांनी म्हणायला लागली, "आज नको गं, काल तर झाली की." मग एक दिवसाआड. मग दोन दिवसांनी. मला वाटलं, अंगात त्राण नाही. हे संकोचामुळे चाललंय हे कळायला मला दोन महिने लागले. स्वतःच्या आईच्या बाबतीत!

सल्ले भरपूर आले. मावशी म्हणाली, "या वयात अंग पुसून घेतलं तरी चालतं." दादा म्हणाला, "भिंतीला दांडे बसवून घे." बसवले. पण दांडे आत आणि उंबरा दारात, त्याला ते काय करणार? शेवटी ठरलं, उंबराच काढायचा. पॅसेजमधून थेट आत, मधे पायरी नाही.

मिस्त्री म्हणाले, "ताई, उंबरा काढला की पाणी पॅसेजमध्ये येणार."
"का येणार?"
"येतंच!"

या "येतंच"वर मी बराच विचार केला. आपण म्हणतो, उंबरा पाणी अडवायला असतो. मला विचाराल तर तो बहुतेक वेळा चुकलेला ढाळ पोटात घालायला असतो. पाण्याला जाळीकडे नीट वाट दिली आणि जाळीनेही ते भराभर ओढलं, तर पाणी उलटं दाराकडे कशाला चढेल?

आमची बाथरूम दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत पाच फूट, म्हणजे साधारण दीड मीटर. त्या भिंतीलगत लांबलचक जाळी टाकली, म्हणजे चारी बाजूंनी मधे उतरणारा ढाळ नको, एकाच दिशेचा पुरतो आणि मोठी टाइलही न कापता बसते. ढाळ ठरला पन्नासास एक. दीड मीटरला तीस मिलिमीटर. सव्वा इंच! सगळा खेळ एवढाच. याहून कमी केला तर पाणी रेंगाळतं, साबण साचतो आणि पाय घसरतो. फार जास्त केला तर स्टूल डगमगतं, वॉकर पुढे पळायला बघतो.

आता माझा पराक्रम ऐका. टाइल्स निवडायला मी तीन दुकानं पालथी घातली होती. ढाळाचा कोबा टाकला त्या दिवशी मात्र खुशाल ऑफिसात! मिस्त्रींनी माल जरा पातळ कालवला आणि ढाळ नजरेने दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं, तर मधोमध मस्त तळं. कोब्याला पोट आलं होतं. नेमकं तिथेच आईचं स्टूल येणार होतं.

मिस्त्री म्हणाले, "टाइलच्या मसाल्यात काढून घेऊ." मी नाही म्हटलं. फोडलं. पुन्हा केलं आणि या वेळी मी स्टूल टाकून समोर बसले. आधी पाण्याच्या नळीने दाराची पातळी घेऊन चारी भिंतींवर आखली. तिथून खाली मोजून, टाइलची जाडी धरून, दारापाशी आणि जाळीपाशी सिमेंटच्या खुणा केल्या. माल कोरडसर, मुठीत दाबला तर लाडू वळेल एवढाच ओला. मग लांब ॲल्युमिनियमची पट्टी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत ओढत आणली. सात दिवस पाणी मारलं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवून दिले आणि दाराशी तात्पुरती आळी बांधून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या काकूंकडे जाऊन छत बघून आले ते वेगळंच! टाइल्स लागल्यावर मिस्त्रींनी खिशातून गोटी काढली आणि दारापाशी ठेवली. ती सरळ जाळीत गेली. आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला.

दारही बदललं. आधी ते आत उघडायचं. आतलं माणूस दारालगत पडलं तर ते उघडणार कसं, हा विचार इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आला नव्हता. आता बाहेर उघडतं आणि कडी बाहेरूनही नाण्याने फिरवता येते.

२०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आला, सार्वजनिक इमारतींमध्ये रॅम्प दिसायला लागले. पण घरातल्या बाथरूममध्ये कोण तपासणीला येणार? तिथे आपणच. आणि आपण पैसे घालतो ते पाहुण्यांना दिसतं त्यात. टाइल्सखालच्या सव्वा इंचाचं कौतुक करायला कोणी येत नाही. आमची बाथरूम आठ वर्षांपूर्वीच नवी केली होती, आई तेव्हा सत्तरीची होती. तेव्हाच उंबरा घातला नसता तर हे सगळं टळलं असतं. पण पडल्याशिवाय आपल्याला सुचत नाही.

पहिल्या दिवशी आई वॉकर घेऊन आत गेली, वळली आणि मला म्हणाली, "तू जा आता." कडी लागली. मी बाहेर कान देऊन उभी. पंधरा मिनिटांनी आतून आवाज आला, "अजून उभीच आहेस ना? चहा टाक."

असो. तुमच्यापैकी कोणी बाथरूमचं काम काढणार असेल तर टाइल्स घरच्यांना निवडू द्या, पण ढाळाच्या दिवशी सुट्टी टाका. आणि हो, मैत्रिणीला आता फोन करते. उंबरा निघतो, हे तिला सांगायलाच हवं.