डिग्री ऑनलाइन, प्रॅक्टिकल वॉर्डात!

शेवटच्या वर्षाला आलात की घरात दोन पार्ट्या पडतात. बाबा म्हणतात, आधी नोकरी धर. आई म्हणते, एकदा पगाराची चटक लागली की पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाहीस. आणि नेमकी तेव्हाच मोबाइलवर जाहिरात येते : नोकरी करता करता मास्टर्स, घरबसल्या, रोज फक्त एक तास. दोन्ही पार्ट्या खूश! अशा जाहिरातींमध्ये हेल्थ इन्फॉर्मेटिक्स हे नाव दिसलं की बी.फार्म., नर्सिंग, डीएमएलटीवाले थबकतात आणि बीसीए, आयटीवालेही थबकतात. आरोग्यही आहे, कॉम्प्युटरही आहे. अजून काय पाहिजे?

माझं मत आधीच सांगून टाकते. हा विषय फुल टाइम नोकरी करतानाच शिकावा. पण ती नोकरी शक्यतो हॉस्पिटल, लॅब, फार्मसी अशा ठिकाणची असावी. आणि फी भरायच्या आधी त्या पदवीचा कागद नीट तपासावा, कारण गेल्या वर्षभरात तिथे मोठी गडबड झालीय. त्याकडे येतेच.

आधी हे प्रकरण आहे काय ते बघू. मधुमेहाचा एक पेशंट घ्या. एक डॉक्टर केसपेपरवर ‘डीएम’ लिहितात, दुसरे ‘टाइप टू’. सिस्टरच्या हॅण्डओव्हरच्या वहीत ‘शुगर’ असतं. पेशंटचा मुलगा सांगतो, ‘बाबांना साखर आहे’. आपल्याला कळतं की हे सगळं एकच. कॉम्प्युटरला मात्र हे चार वेगळे आजार वाटतात. मग जिल्ह्यात मधुमेहाचे पेशंट किती, हे त्याला विचारलं तर तो काय डोंबल सांगणार? म्हणून जगभर आजारांना कोड दिलेत. आयसीडी-१० मध्ये टाइप टू मधुमेह म्हणजे ई११. डॉक्टरांच्या नोंदींतल्या बारीकसारीक संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, आणि एका हॉस्पिटलची माहिती दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला समजावी म्हणून एफएचआयआर. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचा बराचसा अभ्यास या भाषांभोवती फिरतो.

आपल्याकडे याला वेग आला तो २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यावर. तुमच्या घरातही कुणाचा तरी १४ आकडी आभा नंबर निघालेला असेल. स्नोमेड सीटी भारतात फुकट वापरता येतं, आणि आरोग्य नोंदींच्या मानकांसाठी केंद्र सरकारचं राष्ट्रीय केंद्र कुठे आहे, तर आपल्या पुण्यात, सीडॅकमध्ये. म्हणजे विषय काही सातासमुद्रापारचा नाही.

आता नोकरीचं. ऑनलाइन लेक्चरमध्ये अर्ध्या तासात सांगून होतं की, डॉक्टरांनी नोंद करतानाच यादीतून योग्य कोड निवडावा. ऐकायला सोपं आहे. पण सकाळी अकराला ओपीडीबाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. यादीत शेकडो नावं, नेट स्लो. डॉक्टर काय करतात? ‘इतर’ निवडतात आणि पुढचा पेशंट घेतात. ज्याने ओपीडीच्या काउंटरवर सहा महिने काढलेत, त्याला हे लेक्चर ऐकताना लगेच प्रश्न पडतो : यादी लांब आहे की तिची रचना चुकीची आहे? नेहमीचे वीस आजार वर आणले तर? हा प्रश्न पडणं म्हणजेच हा विषय येणं. घरी बसून स्लाइड बघणाऱ्याला तो पडत नाही. त्याला कोड पाठ होतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काम जवळून बघितलं असेल तर हे आणखी पटेल. आधी मंजुरी, मग उपचार, मग क्लेम. एका कागदावर नाव वेगळं, रिपोर्टवर तारीख वेगळी, डिस्चार्ज कार्डावर निदान तिसरंच, की क्वेरी आलीच. आरोग्यमित्र, एमआरडीचा क्लार्क आणि ज्युनिअर डॉक्टर तिघं मिळून फाइल शोधतात. पुस्तकात याला ‘डेटा क्वालिटी’ असं सभ्य नाव आहे. एमआरडीत बसणारा मुलगा ते रोज हाताने निस्तरत असतो, फक्त त्याला त्या कामाचं नाव माहीत नसतं. मला वाटतं, ऑनलाइन डिग्री त्याला ते नाव देते, आणि नाव मिळालं की मीटिंगमध्ये बोलता येतं.

आयटीवाल्यांनो, तुम्ही नाराज होऊ नका. तुमच्यासाठी बाह्मणी नावाची ओपन सोर्स हॉस्पिटल प्रणाली आहे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या गरजेतून ती उभी राहिली. लॅपटॉपवर टाकून खेळता येते. पण त्यासोबत ओळखीच्या दवाखान्यात चार शनिवार नुसते बसून बघा. नोंद कोण करतं, कधी करतं, कशावर करतं. बग तिथे सापडतात.

आणि एक पथ्य. असाइनमेंटसाठी हॉस्पिटलची एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणायची नाही. नाव खोडलं तरी नाही. वय, गाव, आजार आणि तारीख एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, विशेषतः लहान तालुक्यात. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला तेव्हा कितीतरी दिवस कामकाज कागदावर चालवावं लागलं होतं, हे आठवत असेल. सरावासाठी सिन्थिया नावाचं मोफत सॉफ्टवेअर खोटे पेशंट हवे तितके बनवून देतं. ते वापरा.

आता तो ‘रोज फक्त एक तास’. हिशेब करू या. दोन वर्षांची मास्टर्स साधारण ८० क्रेडिटची. एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, लेक्चर, वाचन, असाइनमेंट सगळं मिळून. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांत १०४ आठवडे, तर आठवड्याला २३ तास! रोज एक तास काढलात तर ही डिग्री पुरी व्हायला साडेसहा वर्षं लागतील. नाइट ड्यूटी करून आल्यावर २३ तास कुठून काढायचे, हे जाहिरातवाला सांगत नाही. माझ्या मते क्रेडिट जमवत हळू जाता येत असेल तर तसंच जावं. वीकली ऑफ पूर्ण अभ्यासाला द्यायचा आणि झोप कापायची, हे एक सेमिस्टर जमतं. चार नाही जमत. आणि वॉर्डात झोपाळलेल्या माणसाने केलेल्या चुका दुसऱ्याला महागात पडतात.

राहिला कागद. इथे कान देऊन ऐका. ऑनलाइन पदवीला नियमित पदवीइतकीच किंमत, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं होतं. त्यामुळे बरेच जण निर्धास्त आहेत. पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने सांगितलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्य आणि संलग्न आरोग्यसेवा क्षेत्रातले अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवायचे नाहीत. बातम्यांत गाजलं ते मानसशास्त्र. मात्र हा निर्णय २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात येणाऱ्या विषयांना लागू आहे, आणि त्या कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि हेल्थ इन्फॉर्मेटिक्स हा एक स्वतंत्र गट आहे! ज्या नावाची डिग्री तुम्ही घ्यायला निघालात, तेच नाव.

हा निर्णय मला अर्धाच पटतो. फिजिओथेरपी ऑनलाइन शिकवू नये, कबूल. पण ज्या विषयात हाताखाली पेशंट नसून डेटा असतो, आणि शिकणारा रोज हॉस्पिटलातच कामाला असतो, तिथे ऑनलाइनची दारं बंद करून नुकसान कुणाचं? लातूर-गडचिरोलीच्या सिस्टरचं. नोकरी सोडून पुण्या-मुंबईत दोन वर्षं राहणं तिला परवडणार नाही. याचा फेरविचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. तोवर नियम तो नियम.

मग पर्याय? हॉस्पिटलातली नोकरी धरून ठेवा आणि डेटा सायन्स किंवा एमसीएसारखी मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी घ्या, प्रोजेक्ट आरोग्याचा करा. परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे करणाऱ्या एडटेक कंपन्यांबाबत यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्येच बजावलंय की अशा भागीदारीतल्या पदव्यांना इथे मान्यता नाही.

प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाचं नाव बघा आणि त्याच्यासमोर अभ्यासक्रमाचंही नाव बघा, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशासाठी डेब आयडी लागतो. तो न मागता कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि ‘सर, आज शेवटची सीट’ असा फोन आला की शांतपणे एवढंच विचारा : हा अभ्यासक्रम या सत्रासाठी मान्य आहे का, आणि मार्कशीटवर त्याचं नाव नेमकं काय छापलं जाईल? उत्तर फोनवर नको, ईमेलवर मागा.