फिफ्टी शेड्स : फाइंड अँड रिप्लेस

सुरुवातीलाच कबुलीजबाब देऊन टाकतो. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'ची माझी प्रत २०१२ साली हाजीअलीच्या सिग्नलला घेतलेली आहे. पायरेटेड. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढून दिसतात, आणि मधली सोळा पानं चुकून दोनदा बांधली गेलीत. (वाचताना हे बराच वेळ माझ्या लक्षातच आलं नाही. पुस्तकाबद्दल याहून जास्त काय सांगू?) तेव्हा चोरीवर प्रवचन झोडायचा मला अधिकार नाही, हे कुणी सुनवायच्या आत मीच सांगितलेलं बरं.

पण मला बोलायचंय ते चोरीबद्दल नाहीच. या पुस्तकाचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हे 'ट्वायलाइट'वरून ढापलंय, फॅन फिक्शन आहे, म्हणून टाकाऊ. दुसरी म्हणते, दहा कोटी प्रती खपल्या, तुम्ही कशाला जळताय? मला दोन्ही पार्ट्या चुकीच्या वाटतात. पहिली जास्तच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेफनी मेयरची 'ट्वायलाइट' आली २००५ मध्ये. बेला नावाची साधी मुलगी, एडवर्ड नावाचा देखणा व्हँपायर, आणि वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स नावाचं पावसाळी गाव. (सॉफ्टवेअरवाल्यांनो, गावाचं नाव खरंच फोर्क्स आहे, मी रचलेलं नाही. पुढे काय झालं ते बघता हा योगायोग भारीच.) २००९ च्या सुमारास ई. एल. जेम्स या ब्रिटिश लेखिकेने 'स्नोक्वीन्स आइसड्रॅगन' या टोपणनावाने एक फॅन फिक्शन लिहायला घेतली, 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स'. पात्रं तीच, एडवर्ड आणि बेला. फक्त व्हँपायर नाहीत. एडवर्ड अब्जाधीश. प्रकरणामागून प्रकरण जालावर येत गेलं, वाचक वेडे झाले. २०११ मध्ये नावं बदलून तीच गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशनाने काढली, आणि २०१२ मध्ये व्हिंटेजने हक्क घेतल्यावर जो काही स्फोट झाला तो सगळ्यांनी पाहिलाच. रँडम हाउसने त्या वर्षी अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी पाच हजार डॉलर बोनस दिला. गोदामातल्या लोकांनासुद्धा! तेवढ्या एका कारणासाठी मी या पुस्तकाला दोन मार्क जास्त देतो.

व्हिंटेजचं म्हणणं असं की मूळ फॅन फिक्शन आणि कादंबरी ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. तेव्हा रोमान्स कादंबऱ्यांची परीक्षणं करणाऱ्या एका संकेतस्थळाने दोन्ही मजकूर साहित्यचौर्य पकडणाऱ्या प्रणालीत घातले. साम्य निघालं ८९ टक्के. आता मला सांगा, माझ्या टीममधल्या पोराने ८९ टक्के तोच कोड आणून 'नवीन मॉड्यूल लिहिलंय' म्हणून सांगितलं, तर मी त्याला चहा पाजीन का? बरं, उरलेल्या अकरा टक्क्यांत नावं किती असतील कोण जाणे. बेलाची ॲना झाली, एडवर्डचा ख्रिश्चन. एमेटचा एलियट, ॲलिसची मिया. तांबूस केस तसेच, पियानो तसाच, दत्तक घेणारं श्रीमंत कुटुंब तसंच. घरातला डॉक्टर बापाऐवजी आई झाली एवढाच फरक. गावसुद्धा राज्याबाहेर गेलं नाही, फोर्क्सचं सिॲटल झालं. इंग्रजी फॅन मंडळींत याला सीरियल नंबर घासणं म्हणतात. आपल्याकडे चोरीच्या बाईकचा चॅसी नंबर घासतात, तसंच.

तरीही मी म्हणतो, फॅन फिक्शन असणं हा दोष नाही. आपण मराठी लोकांनी तर हे म्हणूच नये. आपल्या कपाटात 'ययाती' आहे (१९५९), 'मृत्युंजय' आहे (१९६७). दुसऱ्याची पात्रं घेऊन, त्यांच्या मनात शिरून, मूळ ग्रंथात नसलेले प्रसंग घालून लिहिलेल्या कादंबऱ्या. पुलंनी 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केली आणि ते कधी लपवलं नाही. आता कल्पना करा, खांडेकरांनी ययातीचं यशवंतराव केलं असतं, शर्मिष्ठेची शर्मिला, आणि शुक्राचार्यांच्या जागी कुणी जिल्हा न्यायाधीश. शाप म्हणून काय, तर कोर्टाचं समन्स. आणि वर छापलं असतं, 'संपूर्णपणे स्वतंत्र कादंबरी'. वाचवली असती का तुम्हाला?

माझा पहिला आक्षेप नेमका इथे आहे. शाप काढून टाकला की गोष्टीत भोक पडतं.

फॅन फिक्शन चालते कशी, तर वाचक मूळ गोष्ट डोक्यात घेऊनच बसलेला असतो. लेखकाला एडवर्ड कोण, कसा, का, हे सांगावंच लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी आधीच लोड झालेली आहे, तुम्ही फक्त फंक्शन बोलवायचं. 'ट्वायलाइट'मध्ये एडवर्ड बेलाला सांगतो, माझ्यापासून लांब राहा. का? तर त्याला तिच्या रक्ताची तहान आहे, आणि तो ती आवरतोय. तो तिच्यावर नजर ठेवतो, रात्री खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो. मला हे वाचताना अंगावर काटा आला, कौतुकाने नव्हे. पण निदान त्या पुस्तकाने मान्य केलंय की हा माणूस नाही, हिंस्र प्राणी आहे, आणि बेलाचा जीव खरंच धोक्यात आहे. भीतीला कारण आहे.

आता व्हँपायर काढा. लायब्ररी उडवली, पण तिला मारलेल्या हाका सगळ्या जागच्या जागी राहिल्या. ख्रिश्चनही सांगतो, लांब राहा. ख्रिश्चनही तिचा फोन शोधून बारमध्ये हजर होतो. ती आईकडे जॉर्जियाला गेली तर न बोलावता तिथे पोचतो. ती नोकरीला लागली तर ती कंपनीच विकत घेतो! एडवर्डच्या बाबतीत जे राक्षसाचं लक्षण होतं, ते इथे श्रीमंत माणसाचं प्रेम झालं. हे एखाद्या खऱ्या मुलीच्या बाबतीत घडलं तर आपण तिला काय सांगू? फोन नंबर बदल, आणि चौकीत जाऊन तक्रार दे.

त्याहून वाईट म्हणजे शापाची जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथे काहीतरी भरावं लागतं. जेम्सबाईंनी तिथे काय भरलं, तर शय्यागृहातली त्याची आवड. दोन प्रौढ माणसं राजीखुशीने एकमेकांना बांधतात की फुलं वाहतात हा त्यांचा प्रश्न. पण या पुस्तकात त्या आवडीचं मूळ त्याच्या हालअपेष्टांच्या बालपणात आहे, आणि ॲनाच्या प्रेमाने तो त्यातून हळूहळू बरा होत जातो. म्हणजे आजार झाला! लोक म्हणतात या पुस्तकाने मोकळेपणा आणला. मला तर उलटंच दिसतं. मूळ गोष्टीत 'रक्तपिपासू' असं लिहिलेल्या रकान्यात खरीखुरी माणसं नेऊन बसवली, कारण रकाना भरायचा होता. यात वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. ही फाइंड-रिप्लेसची करामत आहे.

"अरे पण दहा कोटी लोकांनी घेतलं, त्यातल्या कितीतरी जणांनी ट्वायलाइट वाचलंही नसेल. त्यांना नाही दिसलं तुझं भोक?" असं आमच्या घरातूनच विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की तुसडा श्रीमंत पुरुष आणि त्याला माणसात आणणारी साधी मुलगी हा सांगाडा मेयरच्याही बापाचा नाही. 'जेन एअर' १८४७ ची आहे. आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत मिल्स अँड बूनच्या चळती कशावर चालायच्या? सांगाडा चालतोच. शिवाय किंडलवर मुखपृष्ठ दिसत नाही, त्यामुळे लोकलमध्येही वाचता येतं. आणि एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करतो, त्या दोघांची इमेल्स मजेदार आहेत. बदलत जाणारे विषय, खाली त्याची ती सीईओछाप सही... ऑफिसात ज्याने कुणी जन्म काढलाय त्याला हसू येणारच. त्या पानांवर बाई उसन्या पैशावर जगत नाहीत, स्वतःचं कमावतात. म्हणूनच बाकीचं वाचताना जास्त चिडचिड होते.

दुसरा आक्षेप कर्जाचा. सगळे मेयरच्या कर्जाबद्दल बोलतात. मेयरने कधी कोर्टकचेरी केली नाही, तिचं ती बघून घेईल. मला राहून राहून आठवतात ते वाचक, ज्यांनी प्रत्येक प्रकरण आलं की वाचलं, अभिप्राय दिले, मैत्रिणींना सांगितलं, गर्दी जमवली. फुकट. कारण तिथला अलिखित करारच तो होता : इथे कुणी विकत नाही, कुणी विकत घेत नाही. मग एक दिवस गोष्ट काढून घेतली आणि तिच्यावर किंमत छापली.

मी पोटापाण्यासाठी जे सॉफ्टवेअर लिहितो त्यात निम्म्याहून जास्त माल असाच फुकट वाटलेला असतो. त्यावर धंदा करायला बहुतेक परवान्यांची ना नाही. अट साधारण एकच, वरची नावं पुसू नका. फॅन मंडळींना हे आमच्याइतकंच कळतं. २००७ मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीने त्यांच्या लिखाणावर धंदा करायला बघितला, तेव्हा त्यातल्या काही जणींनी वैतागून स्वतःची ना-नफा संस्था काढली आणि स्वतःचं संग्रहालय बांधलं, एओ३. त्याचा कोडसुद्धा जीपीएल परवान्याखाली खुला आहे. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आणि इकडे? 'फिफ्टी शेड्स'च्या व्हिंटेजच्या आवृत्तीत बारीक टायपात एक टीप आहे. या गोष्टीचं आधीचं रूप जालावर क्रमशः आलं होतं, आणि त्यातली पात्रं वेगळी होती, अशा अर्थाची. पात्रं वेगळी! 'ट्वायलाइट'चं नाव नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या छोट्या प्रकाशनातल्या भागीदारांत पुढे पैशावरून भांडण झालं, २०१५ मध्ये टेक्ससमधल्या ज्युरीने एका शिक्षिकेच्या बाजूने निकाल दिला, कोटीच्या घरातले डॉलर. म्हणजे हिशेब झाले. फक्त वाचकांचा झाला नाही.

पात्रांची नावं बदलावीच लागणार, महाभारतावर कॉपीराइट नाही आणि एडवर्डवर आहे, हे मलाही कळतं. पण श्रेय देण्याला कुठल्या वकिलाने हरकत घेतली असती? २०२५ मध्ये आलेल्या 'अल्केमाइज्ड'ची गोष्ट आधी हॅरी पॉटरवरची फॅन फिक्शन होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी लपवलं नाही. आभाळ कोसळलं नाही.

एक शेवटचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ट्वायलाइट' एडवर्डच्या बाजूने सांगायचं असं मेयरच्या मनात होतं. ते अर्धवट हस्तलिखित २००८ मध्ये जालावर फुटलं आणि तिने ते बाजूला ठेवलं. २०१५ मध्ये जेम्सबाईंनी काढलं 'ग्रे'. तीच गोष्ट, ख्रिश्चनच्या बाजूने. मेयरचं 'मिडनाइट सन' बाहेर यायला २०२० उजाडलं. नक्कल मुळाच्या पाच वर्षं आधी बाजारात! आमच्या धंद्यात असं झालं तर लोक नोकऱ्या सोडतात.

तर जेम्सबाईंकडे माझी मागणी छोटी आहे. पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर दोन नावं छापा, मेयरचं आणि त्या वाचकांच्या गटाचं. ज्या दिवशी छापाल त्या दिवशी दुकानात जाऊन पूर्ण पैसे मोजून प्रत घेईन. तोवर हाजीअलीची आहे, सोळा पानं जास्तीची धरून.