डब्यात काय आहे ते आधी वाचा, मग विका



श्रावणी सोमवारी आपल्या ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत क्रीम-साबणाचा स्टॉल टाकायचा, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. टाका की! पण माझं स्पष्ट मत आहे, डब्यात काय आहे हे सांगता येत नसेल, तर तो डबा विकू नका.

त्यासाठी फार शिकावं लागत नाही. ग्लिसरीन त्वचेत पाणी धरून ठेवतं. पेट्रोलियम जेली ते पाणी उडू देत नाही, म्हणून भेगाळलेल्या टाचांना चालते. सॅलिसिलिक अ‍ॅसिड बुजलेली छिद्रं मोकळी करतं, ते मुरुमांसाठी. झिंक ऑक्साइड ऊन अडवतं; कांदा काढणीला दिवसभर रानात असणाऱ्या बाईला हेच हवं.

आणि 'आठ दिवसांत गोरं' करणारी बिनलेबलची क्रीम? मार्जिन भरपूर, मान्य. पण 2023 ची अकोल्याची बातमी आठवा. एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं, तर क्रीममध्ये पारा निघाला. क्रीम दिलेली स्थानिक ब्युटिशियननेच! पाऱ्याने चेहरा उजळतो खरा, पण तो अंगात भिनतो.

माल घेताना घटकांची यादी, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि मुदत बघा. स्वतः बनवणार असाल, तर आधी एफडीएचं लायसन्स काढा.

आपलं गिऱ्हाईक रोज समोर भेटणारं आहे. आजच प्रत्येक डबा उलटा करून वाचा. लेबल नाही, तो काउंटरवरून खाली!