बाहेरून आणलेला संघ
कोलोरॅडो विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ 2022 मध्ये बारापैकी एकच सामना जिंकला होता. मग प्रशिक्षक म्हणून आले डीऑन सँडर्स, एकेकाळचे नावाजलेले खेळाडू. पहिल्याच बैठकीत त्यांनी जुन्या पोरांना सुनावलं, की माझं सामान, म्हणजे माझे खेळाडू, मी सोबत आणतोय, तुम्ही दुसरं कॉलेज बघा. बहुतेकांनी बघितलंही. शिक्षणसंस्थेच्या नावानं चालणाऱ्या खेळात हे जरा अतीच, पण तिकीटखिडकीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. 2023 चे पहिले तिन्ही सामने खिशात; त्यातला पहिला तर आदल्या मोसमाच्या उपविजेत्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या (टीसीयू) मैदानावर, 45-42. सगळ्या अमेरिकेचे कॅमेरे विद्यापीठाच्या बोल्डर गावात. मग ऑक्टोबरात स्टॅनफर्ड आलं. मध्यंतराला कोलोरॅडो 29-0 पुढे. लोकांनी सामना संपलाच असं धरलं असणार. स्टॅनफर्डनं मात्र बरोबरी गाठली, आणि त्यांच्या आयोमॅनोरनं जादा वेळेत कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरच्या पाठीमागून हात घालून, चेंडू त्याच्याच हेल्मेटला दाबून झेल घेतला! शेवटी 46-43 अशी हार. त्यानंतर एकही विजय नाही. हिशेब चार जय, आठ पराजय. प्रशिक्षकांचा मुलगा शदूर चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, हाताचा पक्का; पण त्याच्यापुढची बचावाची फळी इतकी कच्ची की मोसमभरात तो पन्नासहून अधिक वेळा चेंडूसकट आडवा झाला. झगमगते खेळाडू गोळा करता आले. समोरच्याला रेटून धरणारे धिप्पाड, बिनचेहऱ्याचे पाच गडी मात्र सँडर्सना त्या वर्षी जमवता आले नाहीत.