कबरस्तानातली भिंत आणि आपला बोळ

मशीद बंदरला गोण्या उचलायला उतरलो तेव्हा वाटायचं, नाव मुसलमानांच्या मशिदीवरून असेल. गेवराईकडच्या पोराला दुसरं काय वाटणार? आमच्या बीड जिल्ह्यात ज्यू औषधालाही नाही. मग कळलं, ही 'मशीद' म्हणजे 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग. दिवेकर! आडनावात गाव, तोंडात मराठी, कोकणात धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. गावगाड्यानं यांनाही जात चिकटवलीच.

या बेने इस्रायलींनी मुंबईत मासिकं काढली. डेव्हिड एरुळकरांचं इंग्रजी-मराठी 'इस्रायलाइट' 1917 ते 1927 चाललं. मूठभर समाज, तरी दहा वर्षं! त्याच शहरात बाबासाहेबांचा 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला, शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले, तरी 1923 ला बंद. हेच एरुळकर 1916 साली जिनांबरोबर टिळकांच्या बाजूनं कोर्टात उभे होते. आणि टिळकांच्या 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. हिशेब लिहून ठेवा, दोस्तहो.

पण मला झोंबलं ते वेगळंच. बगदादी ज्यूंनी 1836 साली बेने इस्रायलींच्या कबरींपासून आपल्या कबरी तोडायला भिंत मागितली. मेल्यावरही विटाळ! इस्रायलला गेले, तर 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं लग्नाआधी यांच्या पिढ्या उकरायला लावल्या. लोक रस्त्यावर बसले, 1964 ला सरकारला नमावं लागलं. शाबास! पण याच बेने इस्रायलींत पूर्वी गोरे आणि काळे होते. आई बिगरज्यू, तर पोरं काळी. त्यांच्याशी सोयरीक नव्हती, पंगत नव्हती. ज्याच्यावर भिंत घातली, त्यानंच घरात दुसरी घातली.

आणि आपण? आमच्या गावात महारवाड्यावर भीमनगरचा बोर्ड लागला. मांगवाड्याकडचा बोळ मात्र तसाच. उसाच्या फडावर दोघांच्याही पाठीला सारखेच वळ, पण माझ्या आज्ज्यानं त्या बोळापलीकडचं पाणी कधी पिलं नाही. हे मी एकदा लिहून एका संपादकाकडं नेलं. म्हणाला, "आत्ता नको, चळवळ फुटंल." च्यायला, जोडलेली होती कधी?

बामणाला शिव्या देणारी कविता आपण डोळे झाकून छापतो. पुढच्या अंकात चार पानं या बोळाला द्या. पलीकडच्या पोरांनी लिहावं, आपण फक्त प्रूफं तपासू. कागदाचे पैसे मी हमालीतून देतो.